पाहुणा आणि रहिवासी : श्याम सेल्वदुराई यांच्या कादंबऱ्यांतील समलिंगी प्रवासी

१

प्रवासवर्णनाचा विचार करताना आपली समीक्षा बहुधा प्रवाशाच्या व्यक्तिमत्त्वाभोवती फिरते. प्रवासी काय पाहतो, कोणत्या दृष्टीने पाहतो, निवेदनातील ‘मी’ कितपत मोकळा आहे, हे प्रश्न वर्गात आपण नेहमी विचारतो. तो ज्या प्रदेशात जातो तेथील रहिवाशाला तेवढीच मोकळीक आहे काय, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. समलिंगी प्रवाशाच्या संदर्भात तो टाळता येत नाही. कारण ज्या जवळिकीसाठी रहिवाशाला कायद्याचे आणि कुटुंबाचे भय बाळगावे लागते, तीच जवळीक पाहुण्याला मुक्कामापुरती फारशी किंमत न देता मिळू शकते.

श्रीलंकेविषयी इंग्रजीतून लिहिणारे कादंबरीकार श्याम सेल्वदुराई यांच्या लेखनात हा प्रश्न सातत्याने आढळतो. त्यांचा जन्म १९६५ साली कोलंबोत झाला. वडील तमिळ, आई सिंहली. १९८३ च्या तमिळविरोधी दंगलींनंतर हे कुटुंब कॅनडात स्थलांतरित झाले. ‘फनी बॉय’ (१९९४), ‘सिनॅमन गार्डन्स’ (१९९८) आणि ‘द हंग्री घोस्ट्स’ (२०१३) या तीन कादंबऱ्यांत अनुक्रमे देश सोडून जाणारा, बाहेरून येणारा आणि परतून येणारा असे तीन प्रवासी भेटतात. या तिघांचे रहिवाशाशी असलेले नाते तपासणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. विवेचनाच्या सोयीसाठी कथानकांच्या काळाचा क्रम स्वीकारला आहे.

२

प्रथम कायद्याची पार्श्वभूमी लक्षात घेतली पाहिजे. सिलोनची दंडसंहिता १८८३ साली संमत झाली. तिच्यातील ३६५ वे कलम हे १८६० च्या भारतीय दंडसंहितेतील ३७७ व्या कलमाचेच भावंड होय. पुढे आलेल्या ‘३६५ अ’ या कलमाने पुरुषांमधील ‘असभ्य वर्तन’ दंडनीय ठरविले. १९९५ च्या दुरुस्तीने त्याची शब्दरचना लिंगनिरपेक्ष झाली आणि स्त्रियाही त्याच्या कक्षेत आल्या. भारतात सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधील परस्परसंमतीचे संबंध ३७७ व्या कलमातून वगळले. श्रीलंकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये, ही कलमे बदलू पाहणारे विधेयक संविधानविरोधी नाही, असा निर्वाळा दिला. परंतु निर्वाळ्याने कलम रद्द होत नाही, त्यासाठी संसदेने कायदा करावा लागतो.

याच कायद्याच्या आरंभकाळात, १८९० साली, एडवर्ड कार्पेंटर हा इंग्रज लेखक सिलोनला आला. समलिंगी प्रेमाचा जाहीर पुरस्कार करणाऱ्या पहिल्या इंग्रज लेखकांत त्याची गणना होते. केंब्रिजमधील त्याचे मित्र पोन्नंबलम अरुणाचलम सिलोनमध्ये सरकारी सेवेत होते. या प्रवासावर आधारलेले ‘फ्रॉम ॲडम्स पीक टू एलिफंटा’ हे पुस्तक १८९२ साली प्रसिद्ध झाले. शीर्षकातील दुसरे टोक म्हणजे मुंबईजवळची आपली घारापुरी. काळुआ नावाच्या सिंहली तरुणाबरोबरच्या स्नेहाचे आणि भ्रमंतीचे चित्रण या पुस्तकात आहे. त्यातील आस्था खरी आहे. तथापि, काळुआला या मैत्रीविषयी काय वाटले, हे आपल्याला कार्पेंटरच्याच लेखणीतून कळते. ही एकतर्फी व्यवस्था प्रवासवर्णनाच्या रूपातच अंतर्भूत आहे. सेल्वदुराई कादंबरीचा आश्रय घेऊन नेमकी हीच व्यवस्था उलटवितात.

३

‘सिनॅमन गार्डन्स’चे कथानक १९२७-२८ च्या सुमारास, डोनोमोर आयोगाच्या काळात घडते. बालेंद्रन हा धनाढ्य तमिळ कुटुंबातील विवाहित पुरुष. लंडनला शिकत असताना रिचर्ड हॉवलंड या इंग्रज तरुणाशी त्याचे प्रेम जुळले होते. वडिलांनी ते मोडून काढले. अनेक वर्षांनी आयोगाच्या निमित्ताने रिचर्ड कोलंबोत येतो. बालेंद्रन कार्पेंटरचा वाचक आहे, ही गोष्ट सूचक होय. इंग्रज प्रवाशाने ज्या बेटाविषयी लिहिले, त्या बेटाचा रहिवासी त्याच लेखकाच्या ग्रंथांतून स्वतःला समजून घेऊ पाहतो.

रिचर्डला लेखकाने खलनायक केलेले नाही. तो एकनिष्ठ आहे, दुखावलेला आहे. पण त्याच्याजवळ परतीचे जहाज आहे. बालेंद्रनजवळ पत्नी, पुत्र, वडिलांची सत्ता आणि घराण्याचे नाव आहे. एकाच भेटीची किंमत दोघांना वेगवेगळी मोजावी लागते. शिवाय बालेंद्रनही सर्वार्थाने दुर्बल नाही. रेल्वेरुळांलगत एका सैनिकाला पैसे देऊन भेटताना तो स्वतःच सत्ताधारी असतो. म्हणजे पाहुणा आणि रहिवासी हा भेद वर्गभेदाला पुसून टाकीत नाही. तो त्याच्यावर आणखी एक थर चढवितो. अखेरीस बालेंद्रन वडिलांशी स्पष्ट बोलतो आणि रिचर्डकडे पत्राने मैत्री मागतो. स्वातंत्र्याचा एवढाच वाटा त्याच्या पदरी येतो.

४

या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा भाग ‘फनी बॉय’मध्ये येतो. सहा परस्परसंबद्ध कथांच्या या कादंबरीचा निवेदक अर्जी हा कोलंबोतील सुस्थित तमिळ घरातील मुलगा. लहानपणी बहिणींबरोबर साडी नेसून ‘नवरी-नवरी’ खेळताना तो पकडला जातो, आणि ‘फनी’ हा शब्द त्याला प्रथम ऐकू येतो. शब्दाचा अर्थ त्याला कळत नाही. त्यातील लाज मात्र कळते.

अर्जीच्या वडिलांचे समुद्रकिनाऱ्यावर हॉटेल आहे. दिवंगत मित्राचा मुलगा जेगन त्यांच्या व्यवसायात काम करू लागतो. परदेशी पुरुष गावातील मुलांना घेऊन फिरताना जेगनच्या नजरेस पडतात आणि तो वडिलांना त्याविषयी विचारतो. पर्यटनाचा धंदा केवळ किनाऱ्यावर चालत नाही, देशाजवळ इतरही नैसर्गिक संपत्ती आहे, अशा आशयाचे थट्टेखोर उत्तर त्याला मिळते. हेच वडील स्वतःच्या मुलाच्या ‘प्रवृत्ती’विषयी चिंतित आहेत आणि जेगनच्या सहवासात तो सुधारेल अशी त्यांना आशा आहे.

येथे दोन गोष्टींची गल्लत होऊ देता कामा नये. गावातील गरीब मुलांचे शोषण आणि समलिंगी प्रेम या एकाच वस्तू नव्हेत. किनाऱ्यावरच्या व्यवहारात एका बाजूला पैसा आणि वय, दुसऱ्या बाजूला दारिद्र्य आहे. त्याच्या विरोधात कादंबरीने अर्जी आणि त्याचा सिंहली वर्गमित्र शेहान यांचा स्नेह उभा केला आहे : समवयस्क, विनामूल्य आणि वांशिक वैराची भिंत ओलांडणारा. वडिलांच्या नैतिक हिशेबात मात्र उलटेच घडते. शोषण सह्य आहे, कारण ते पाहुण्याचे आहे आणि त्यातून हॉटेल चालते. स्नेह असह्य आहे, कारण तो घरातल्या मुलाचा आहे. कायदा देशात सर्वांना एकच आहे. त्याकडे काणाडोळा कोणासाठी करावयाचा, हे गल्ला ठरवितो. लेखक यावर भाष्य करीत नाही. वडिलांचे उत्तर आणि त्यांची चिंता एकाच कथेत शेजारी ठेवतो, एवढेच.

कादंबरीचा शेवट जुलै १९८३ च्या दंगलीत होतो. घर जळते, आजी-आजोबा मारले जातात आणि कुटुंब कॅनडाला निघते. शेहान मागे राहतो. अर्जीला मिळणारा प्रवास हा असा आहे : तो त्याने निवडलेला नाही आणि त्याला परतीचे तिकीट नाही. समलिंगी म्हणून त्याला कदाचित अधिक मोकळा देश लाभेल. पण तेथे तो तमिळ निर्वासित म्हणून पोचतो.

५

‘द हंग्री घोस्ट्स’मधील शिवन टोरांटोहून कोलंबोला आजीकडे परततो. आता तो रहिवासी आहे आणि पाहुणाही. कॅनडात अंगवळणी पडलेली मोकळीक तो नकळत बरोबर आणतो. मिली या मानवी हक्कांसाठी काम करणाऱ्या तरुणावर त्याचे प्रेम जडते. आजीने गुंडांकरवी घडवून आणलेल्या धाकदपटशात मिलीचा अंत होतो आणि शिवन कॅनडाला परततो. रिचर्डच्या जागी आता बेटाचाच पुत्र उभा आहे, तरी निकाल बदलत नाही : ज्याला जाता येते तो जगतो. शिवनला आयुष्यभर ग्रासणारी अपराधाची जाणीव या वस्तुस्थितीतून जन्मते.

या रचनेचा प्रत्यय मराठी वाचकाला अपरिचित नाही. सचिन कुंडलकर यांच्या ‘कोबाल्ट ब्लू’ (२००६) मध्ये पुण्यातील एका घरात राहावयास आलेला निनावी पाहुणा भाऊ आणि बहीण या दोघांच्याही प्रेमाचा विषय होतो, आणि निघून जातो. तेथे समुद्र नाही, परदेश नाही; कथा सांगण्याचे काम मात्र मागे राहिलेल्यांकडे येते.

यावरून निघणारा निष्कर्ष मर्यादित परंतु महत्त्वाचा आहे. उष्ण कटिबंधातील बेटाला ‘नंदनवन’ म्हणणाऱ्या लेखनात, ते लेखन कितीही सहृदय असो, नंदनवनाचा उपभोग घेणारा आणि त्याचा कायदा भोगणारा या दोन भिन्न व्यक्ती असण्याचा संभव असतो. सेल्वदुराई प्रवासाला नाकारीत नाहीत. त्यांचे स्वतःचे लेखनही एका प्रवासातूनच शक्य झाले आहे. ते निवेदनाची जागा बदलतात आणि काळुआच्या बाजूने पाहतात. आपल्या प्रवासवर्णनांचे वाचन करताना, प्रवासी निघून गेल्यावर तेथे कोण उरले, हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवला, तर या वाङ्मयप्रकाराच्या अभ्यासाला आवश्यक ती दुसरी बाजू लाभेल.