दुसऱ्यासाठी मागायची नोकरी

प्रश्न : आमच्या शेजारची मुलगी एमबीए आहे. बँकेतली चांगली नोकरी सोडून ती एका सामाजिक संस्थेत लागली. तिथे ती मुलांना शिकवत नाही की रुग्णांची सेवा करत नाही. फक्त देणग्या जमवते आणि त्याचा पगार घेते. तिची आई हे सांगताना अडखळते. माणसं असं काम का पत्करतात? जमवलेल्या पैशांवर त्यांना टक्केवारी मिळते का? आणि यात पुढे काही भवितव्य असतं का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : टक्केवारीचं आधी निकालात काढू, कारण तुमचा खरा संशय तिथेच दिसतो. बऱ्या संस्थेत या कामाला ठरलेला पगार असतो, जमलेल्या रकमेवर टक्के नसतात. अमेरिकेत निधी जमवणाऱ्यांची जी मोठी व्यावसायिक संघटना आहे, १९६० सालापासूनची, तिची आचारसंहिता टक्केवारीवर काम करायला सरळ मनाई करते. कारण उघड आहे. टक्के मिळणारा माणूस आजच्या आज मोठी पावती फाडायला बघणार. पगारी माणूस ‘यंदा राहू द्या, आधी येऊन काम बघा’ असं म्हणू शकतो. आपल्याकडे सगळंच सोवळं आहे असं मात्र समजू नका. मॉलबाहेर किंवा स्टेशनच्या पुलाखाली गळ्यात ओळखपत्र अडकवून उभी असणारी मुलं पुष्कळदा त्या संस्थेची नसतातच, संस्थेने नेमलेल्या एजन्सीची असतात. पगार बेताचा, वर इन्सेंटिव्ह आणि रोज किती जणांचा मासिक हप्ता सुरू करून घ्यायचा याचं टार्गेट. त्यातली बहुतेक मुलं काही महिन्यांत दुसरीकडे जातात. त्यांच्यावर रागावू नये. पण तुमच्या शेजारच्या मुलीचं काम आणि त्यांचं काम एक नव्हे.

आता तिच्या आईच्या अडखळण्याबद्दल. दुसऱ्यासाठी मागणाऱ्याला महाराष्ट्रात कधी नावं ठेवली गेली नाहीत; उलट पुतळे उभारले. अंताजी दामोदर काळे माणशी वर्षाला एक पैसा मागत गावोगाव हिंडले आणि त्या पैसा फंडातून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. महर्षी कर्वे सत्तरी उलटल्यावर, १९२९ साली, महिला विद्यापीठाची ओळख करून द्यायला आणि निधी मिळवायला युरोप, अमेरिका, जपान करून आले आणि पाठोपाठ आफ्रिकेलाही गेले. त्याआधी १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी त्या विद्यापीठाला १५ लाखांची देणगी दिली आणि त्यांच्या आईचं, नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचं, नाव विद्यापीठाला लागलं. भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेसाठी खेड्यापाड्यांतल्या घरांनी मूठमूठ धान्य दिलं.

या थोर माणसांचा घरखर्च कोण चालवत होतं, हे मात्र आपण विचारत नाही. कर्वे १९१४ पर्यंत फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत होते, म्हणजे स्वतः काढलेल्या विधवांच्या आश्रमासाठी वर्गणी मागणाऱ्या प्राध्यापकाचा पगार कॉलेज देत होतं. भाऊरावांच्या साताऱ्याच्या वसतिगृहातल्या मुलांना जेवायला घालण्यासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई पाटील यांनी अंगावरचे दागिने मोडले, शेवटी मंगळसूत्रही. देणगी जमवण्याचा खर्च तेव्हाही होताच. तो कॉलेजने किंवा बायकोने भरला म्हणून वहीत दिसला नाही. आज तो पगाराच्या रकान्यात दिसतो, एवढाच फरक. वहीत दिसणारा खर्च मला न दिसणाऱ्या खर्चापेक्षा केव्हाही बरा वाटतो.

या कामात येणारी माणसं ठरवून येत नाहीत, हे तुमच्या ‘का पत्करतात’ या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. शाळेत ‘मोठेपणी कोण होणार’ या निबंधात आजवर कोणी ‘निधी-संकलक’ लिहिलेलं मी वाचलं नाही. ती आडवाटेने येतात, आणि वाट बहुधा विक्रीच्या किंवा ग्राहकसेवेच्या गावातून जाते. भाऊरावांचंच बघा. शिक्षणमहर्षी म्हणून आपण त्यांना ओळखतो, पण ओगल्यांचा काचमाल आणि किर्लोस्करांचे नांगर विकायला ते गावोगाव फिरलेले होते. शेतकऱ्याच्या ओसरीवर बसायचं कसं, नकार आला तरी पुढच्या हंगामात त्याच दारात जायचं कसं, हे शिक्षण कुठल्याही प्रशिक्षण वर्गात मिळालं नसतं. १९७९ साली मुंबईत ‘क्राय’ सुरू करणारे रिप्पन कपूर विमानात पर्सर होते. सोबत सहा मित्र आणि भांडवल ५० रुपये. शुभेच्छापत्रं विकून त्यांनी पैसा उभा केला. पुढे बरीच वर्षं दिवाळी आणि नववर्षाला मध्यमवर्गीय घरांत ती कार्डं यायची, जुन्या वाचकांना आठवत असतील. बँक, विमा, हॉटेल, जाहिरात या क्षेत्रांतून आजही माणसं येतात, तेव्हा ती आपलं कसब बदलत नाहीत, माल बदलतात.

दुसरी वाट संस्थेच्या आतूनच फुटते, आणि महाराष्ट्रातल्या लहान संस्थांत तीच जास्त वापरातली आहे. बालवाडीवर काम करणारी एखादी कार्यकर्ती असते. पाहुणे आले की तिला सांगतात, जरा वस्ती दाखवून आण. ती मोकळं बोलते, पाहुणे खूश होतात. पुढच्या महिन्यात अहवाल तिच्याकडे येतो, कारण तिचं लिहिणं बरं आहे. मग एक प्रपोजल. मग त्या प्रपोजलचं बजेट. पाच-सात वर्षांनी बघावं तर देणगीदारांच्या मुलींची लग्नं, आजारपणं, वडिलांची पुण्यतिथी सगळं तिला पाठ असतं आणि वस्तीत मात्र तिचं जाणं होत नाही. अशा बायका मी पाहिल्या आहेत. त्यांना कामाचा अभिमान असतो आणि वस्ती सुटल्याची रुखरुखही असते. मात्र देणगीदारासमोर त्यांच्याइतकं खरं बोलणारं दुसरं कोणी नसतं. नव्या एमबीएला जे सादरीकरणातून सांगावं लागतं, ते त्या एका मुलाच्या नावानिशी सांगतात.

२०१४ नंतर आणखी एक दार उघडलं. कंपनी कायद्यातल्या तरतुदीनुसार ठरावीक मर्यादेपलीकडच्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. हा सीएसआरचा पैसा आला आणि त्याबरोबर एक्सेलचे तक्ते, तिमाही अहवाल आणि इंग्रजी बैठकाही आल्या. झोळी घेऊन फिरणाऱ्या जुन्या कार्यकर्त्याला हे झेपेना. मग टाटा समाजविज्ञान संस्थेतून किंवा पुण्याच्या कर्वे समाजसेवा संस्थेतून समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतलेली, नाहीतर तुमच्या शेजारच्या मुलीसारखी एमबीए झालेली मंडळी शोधावी लागली.

आणि एक मूक वर्ग आहे, त्याचा उल्लेख न करणं कृतघ्नपणा होईल : निवृत्त बँक अधिकारी. पुण्यात, ठाण्यात, डोंबिवलीत कितीतरी संस्थांच्या देणग्यांचा सगळा व्यवहार अशा एखाद्या साठी उलटलेल्या गृहस्थांच्या टेबलावर चालतो. मानधन नाही, चहा संस्थेचा. ‘लोकसत्ता’चा ‘सर्वकार्येषु सर्वदा’ हा उपक्रम दरवर्षी गणेशोत्सवात दहा संस्थांची ओळख करून देतो. एखाद्या संस्थेवर लेख आला की दुसऱ्या दिवसापासून फोन वाजू लागतो, धनादेश येऊ लागतात. ते नोंदवणं, प्रत्येकाला पावती आणि दोन ओळींचं पत्र पाठवणं हे काम याच मंडळींच्या अंगावर पडतं.

आता हेतू. ‘समाजसेवेची तळमळ’ असं उत्तर मुलाखतीत सगळेच देतात आणि ते खोटं नसतं, पण पुरेसंही नसतं. बँकेतून आलेल्यांना बहुतेक वेळा टार्गेटचा वीट आलेला असतो. इथे आल्यावर टार्गेट आहेच हे कळतं, फक्त आकडा गाठल्यावर काय झालं ते डोळ्यांनी बघायला मिळतं. काहींच्या घरात मतिमंद मूल असतं, व्यसनाने गेलेला भाऊ असतो, कॅन्सरशी झुंजलेली आई असते. काहींना सामाजिक काम करायचं असतं, पण मेळघाटात जाऊन राहण्याची हिंमत किंवा सोय नसते. शहरात राहून, मुलांची शाळा न बदलता करता येणारं काम हे असतं. मला हा हेतू लबाडीचा वाटत नाही. घरात नवऱ्याचा किंवा बायकोचा भक्कम पगार असल्याशिवाय संस्थेचा पगार परवडत नाही, ही गोष्टही पुष्कळांच्या बाबतीत खरी. म्हणजे लक्ष्मीबाईंची जागा अजून रिकामी झालेली नाही.

ब्रिटनमधल्या केंट विद्यापीठातल्या अभ्यासक बेथ ब्रीझ यांनी हजाराहून अधिक निधी-संकलकांकडून माहिती घेऊन २०१७ साली पुस्तक प्रसिद्ध केलं. त्यांच्या पाहणीतली एक गोष्ट मला फार आवडली. या लोकांमध्ये रक्तदान करणाऱ्यांचं प्रमाण सर्वसामान्य जनतेपेक्षा बरंच जास्त निघालं. मागणारी माणसं स्वतः देणारीही असतात. आपल्याकडे अशी पाहणी कोणी केली तर निकाल फार वेगळा लागेल असं मला वाटत नाही.

रोजचं काम काय असतं, तेही सांगायला हवं, कारण ‘फक्त देणग्या जमवते’ यातला ‘फक्त’ मला खुपला. मागणं हा त्यातला छोटा तुकडा. उरलेला वेळ जातो पाठपुराव्यात. कोणी पॅन नंबर दिला नाही, तो मिळवा. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला आयकराची सवलत नाही, हे समोरच्याला न दुखावता सांगा. वर्ष संपलं की मे महिना संपायच्या आत सगळ्या देणगीदारांची यादी आयकर खात्याकडे भरा आणि मग प्रत्येकाला त्याचं प्रमाणपत्र पाठवा. मार्चमध्ये तर फोन खाली ठेवता येत नाही. वर्षभर न आठवलेली संस्था लोकांना करसवलतीमुळे एकतीस तारखेला आठवते. अलीकडे नवी करप्रणाली घेणाऱ्यांना ती सवलतच मिळत नाही, त्यामुळे पंचवीस वर्षं नेमाने देणारे काही जण हळूच गळतात आणि काही मात्र सवलत नसतानाही तेवढाच चेक पाठवतात. कोण कशासाठी देत होतं, ते असं उघडं पडतं. निधी जमवणाऱ्या माणसाला त्यावर बोलायची सोय नसते.

खरी ओढाताण वेगळीच आहे. लोकांना इमारतीला, रुग्णवाहिकेला, संगणकाला पैसे द्यायला आवडतं. तिथे पाटी लावता येते. शिक्षिकेच्या पगाराला, वीजबिलाला, हिशेबनिसाला कोणी देत नाही. परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० साली दुरुस्ती झाली आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. सीएसआरचा पैसा बहुधा ठरावीक प्रकल्पापुरता आणि ठरावीक वर्षांपुरता असतो. कंपनीचा सामाजिक विषय बदलला की पोषणाचं काम करणाऱ्या संस्थेला अचानक ‘डिजिटल साक्षरतेत काही करता का?’ असं विचारलं जातं. तिथे निधी जमवणाऱ्याची परीक्षा असते. हो म्हटलं तर पैसा येतो आणि संस्था भरकटते, नाही म्हटलं तर बालवाड्या बंद करायची वेळ येते.

फोटोचंही तसंच. रडणाऱ्या, उघड्यानागड्या मुलाच्या फोटोवर पैसा लवकर येतो, हे या व्यवसायातल्या प्रत्येकाला माहीत आहे. त्या मुलाची आई आपल्याच संस्थेच्या बचतगटात येते, हेही माहीत असतं. काही जण तो फोटो वापरत नाहीत आणि कमी पैशांवर वर्ष काढतात. माझ्या मते माणूस पारखायचा असेल तर त्याने किती लाख आणले यापेक्षा पत्रकावर कोणाचं तोंड छापलं ते बघावं.

यामुळे माणसं थकतात. २०१३ साली अमेरिकेत एक मोठी पाहणी झाली. तिथल्या संस्थांमध्ये निधी-संकलन विभागाचे प्रमुख असलेल्यांपैकी निम्म्यांनी आपण दोन वर्षांच्या आत ही नोकरी सोडू असं सांगितलं होतं. पैसा कमी पडला की दोष त्यांचा, आणि पैसा आला की श्रेय कामाचं; विश्वस्त स्वतः एक फोन करायला तयार नसतात आणि बैठकीत आकडा मात्र विचारतात.

भवितव्याचं म्हणाल तर आहे, पण ते मुंबई, दिल्ली, बंगळुरूच्या मोठ्या संस्थांमध्ये जास्त. तिथे कनिष्ठ पदापासून विभागप्रमुखापर्यंत रीतसर पायऱ्या आहेत आणि पगार सुखाने जगण्याइतके आहेत, बँकेइतके नाहीत. जिल्ह्याच्या ठिकाणच्या संस्थेत बहुधा एकच खुर्ची असते. तिच्यावर बसलेल्याला बढती म्हणजे थेट संस्थेची कार्यकारी जबाबदारी. पैसा कुठून येतो, कुठे अडतो आणि कोणाला काय कबूल केलं आहे हे त्यालाच माहीत असल्यामुळे तसं होतंही. काही जण सल्लागार होऊन एकाच वेळी चार लहान संस्थांची प्रपोजलं लिहून देतात. आणि बरेच जण काही वर्षांनी टेबलाच्या पलीकडे, एखाद्या कंपनीच्या सीएसआर विभागात जातात. पगार दुप्पट होतो, फोन करण्याऐवजी फोन येऊ लागतात. त्यातले जे आपली जुनी नोकरी विसरत नाहीत, ते नकार द्यायचा असला तरी पंधरा दिवसांत उत्तर पाठवतात, आणि वीजबिलाची ओळ बजेटमधून खोडत नाहीत.