बलवान आणि विश्वासू
सूरह अल-कससमधील एका प्रसंगाचा अभ्यास

ठाणे–भिवंडी मार्गावरील आपल्या काल्हेरमध्ये गोदामांच्या रांगा आहेत आणि त्यांच्या शेजारी नव्या निवासी इमारतीही उभ्या राहिल्या आहेत. येथील अनेक तरुण मिळेल ते काम करतात. कोणी गोदामात माल चढवतो-उतरवतो, कोणी टेम्पोतून घरसामान हलवतो, कोणी पंखे बसवतो, नळ दुरुस्त करतो. अशाच एका तरुणाने जुमाच्या नमाजनंतर मला विचारले, "मौलाना, काम मिळते, पण एकदा बोलावलेला माणूस पुन्हा बोलावत नाही. रोजीत बरकत व्हावी म्हणून एखादा वजीफा सांगा."

वजीफा सांगण्यापूर्वी मी त्याला दिव्य कुरआनातील एक प्रसंग सांगितला. आज त्याचाच अभ्यास करू.

मदयनचा पाणवठा

हजरत मूसा (अ.) मिसर सोडून मदयनला पोहोचले, तेव्हा त्यांच्यापाशी घर नव्हते, काम नव्हते आणि ओळखीचा माणूसही नव्हता. पाणवठ्यावर गुराख्यांची गर्दी होती. दोन मुली आपली जनावरे रोखून बाजूला उभ्या होत्या, कारण त्यांचे वडील वृद्ध होते. हजरत मूसा (अ.) यांनी त्यांच्या जनावरांना पाणी पाजले. मोबदला मागितला नाही. सावलीत जाऊन त्यांनी आपली गरज केवळ अल्लाहपुढे मांडली.

पुढे त्या वृद्ध पित्याने त्यांना घरी बोलावले. तेव्हा एका मुलीने, यांना कामावर ठेवावे, असे सुचवले आणि त्याचे कारण दोन शब्दांत दिले : 'कवी' व 'अमीन', म्हणजे बलवान आणि विश्वासू (28:26). त्यानंतर निकाहच्या प्रस्तावासह आठ वर्षांच्या कामाचा करार ठरला. दहा वर्षे पूर्ण करणे हजरत मूसा (अ.) यांच्या इच्छेवर सोडले गेले. थोड्या वेळाच्या निःस्वार्थ सेवेतून अल्लाहने एका परक्या माणसाला घर आणि स्थिर उपजीविका दिली.

'कवी' असणे

येथे बळाचा अर्थ केवळ दंडातील ताकद असा घेऊ नये. हाती घेतलेले काम पूर्ण करण्याची पात्रता, असा तो व्यापक अर्थ आहे. आपला तरुण मात्र काम हातचे जाईल या भीतीने प्रत्येक कामाला "येते" म्हणतो. नळाचे काम जाणणारा विजेच्या जोडणीला हात घालतो आणि घर धोक्यात येते. "हे काम मला येत नाही, जाणकाराला बोलवा," असे सांगणाऱ्याचे त्या दिवसाचे पैसे बुडतात, परंतु त्याचा शब्द खरा असतो, हे त्या घराला कळते.

'अमीन' असणे

सहीह मुस्लिममध्ये एक प्रसंग आला आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, तर आतले धान्य ओले निघाले. पावसाने भिजले, असे विक्रेत्याने सांगितले. तेव्हा, लोकांना दिसेल असे ते वर का ठेवले नाहीस, असे प्रेषितांनी (स.) विचारले आणि फसवणुकीविरुद्ध कठोर इशारा दिला.

कारागिराच्या कामातही अशी आतली ओल असते. भिंतीतला सैल जोड, स्विचबोर्डामागची उघडी वायर, रंगाखाली न लावलेला प्राइमर. ग्राहकाला ते त्या दिवशी दिसत नाही, पहिल्या पावसात दिसते. अल्लाह मात्र त्याच क्षणी पाहत असतो.

फिकहचे मार्गदर्शन

हनफी फिकहमधील तीन गोष्टी येथे उपयोगी आहेत. शाफई बंधूंनी तपशील आपल्या आलिमांकडून समजून घ्यावा.

पहिली : काम आणि मजुरी दोन्ही आधी निश्चित हवीत. मजुरी अज्ञात राहिली तर करार सदोष ठरतो. "काय द्यायचे ते द्या" हे बोलणे नम्र वाटते, पण शेवटी त्यातूनच वाद उद्भवतो.

दुसरी : रोजावर काम करणारा 'अजीर-ए-खास' असतो, त्याने आपला वेळ विकलेला असतो. गोदामातील त्या वेळेत मोबाइल पाहत बसणे म्हणजे मालकाच्या हक्कात कपात करणे होय.

तिसरी : अनेकांची कामे घेणारा 'अजीर-ए-मुश्तरक' होय. त्याच्या हातून कामात वस्तू बिघडली, तर भरपाई त्याच्यावर येते. ग्रंथांत धोब्याच्या हातून फाटलेल्या कपड्याचे उदाहरण दिले जाते. सामान हलवताना काच फुटली, तर ग्राहकाच्या नजरेस येण्यापूर्वी आपणच सांगावे.

काम देणाऱ्या कुटुंबांवरही जबाबदारी आहे. घाम सुकण्यापूर्वी मजुरी देण्याची शिकवण आपल्यासाठीच आहे. काम झाल्यावर घासाघीस करणे किंवा "उद्या या" म्हणणे हा जुलूम आहे.

त्या तरुणाचा वजीफा

मी त्या तरुणाला त्याच्या शेवटच्या कामाविषयी विचारले. एका कुटुंबाचे सामान हलवताना त्याने फोनवर एक रक्कम सांगितली होती. सामान टेम्पोत चढल्यावर, मजला चौथा आहे आणि लिफ्ट बंद आहे, असे म्हणून जास्त पैसे मागितले. मजला आणि लिफ्टची चौकशी त्याने आधी केलीच नव्हती. घरमालकाने निमूटपणे पैसे दिले. तो भांडला नाही, म्हणून राजी होता, असे या तरुणाने मानले. पण ज्याचे सारे घर टेम्पोत अडकले आहे, त्याच्या मौनाला संमती कसे म्हणावे?

मग मी वजीफा सांगितला : इस्तिगफार. सूरह नूहमध्ये क्षमायाचनेचा संबंध पाऊस, संपत्ती आणि संतती यांच्याशी जोडला आहे. परंतु माणसाचा हक्क आपल्याकडे असेल, तर तो परत केल्याशिवाय तौबा पूर्ण होत नाही.

पुढच्या आठवड्यात त्याने जादा घेतलेली रक्कम परत केली. त्या घरून पुन्हा बोलावणे अद्याप आलेले नाही. मात्र आता तो काम घेण्यापूर्वी मजला, लिफ्ट आणि मजुरी या तिन्ही गोष्टी स्पष्ट बोलतो.

ग्राहक परत यावा म्हणून सचोटीचा देखावा करणारा ग्राहक तुटताच सचोटीही सोडतो. हजरत मूसा (अ.) यांनी पाणी पाजले, तेव्हा पुढच्या कामाची आशा त्यांनी त्या मुलींकडे ठेवली नव्हती. आपले काम चोख करावे आणि रोजी अल्लाहकडे मागावी. अल्लाह आपल्या तरुणांना हातात कौशल्य, मनात अमानत आणि कमाईत बरकत देवो. आमीन.