धान्यावरील बुरशी कशी ओळखावी?

काढणीच्या सुमारास पाऊस लांबला, की मक्याच्या कणसांवर व भुईमुगाच्या शेंगांवर बुरशी चढते. असा माल झटकून, ऊन दाखवून घरखर्चास ठेवण्याची रीत पुष्कळ ठिकाणी आढळते. ती किती घातक ठरते, हे १९७४ साली राजस्थानातील बांसवाडा व गुजरातेतील पंचमहाल या जिल्ह्यांत दिसून आले. अवकाळी पावसात भिजून बुरसलेला मका तेथे खाण्यात आला. लोकांना कावीळ झाली, पोटात पाणी साठले आणि शंभराहून अधिक माणसे दगावली.

बुरशीचे नेहमीचे प्रकार रंगावरून बरेचसे ओळखता येतात. शिळ्या भाकरीवर कापसासारखी पांढरी लव येऊन तीवर काळे ठिपके उमटतात, ती रायझोपस. कांद्याच्या पापुद्र्याखाली काजळीसारखी पूड दिसते, ती काळी अस्परजिलस. संत्र्यावरील पांढऱ्या कडेची निळसर हिरवी बुरशी पेनिसिलियम होय. मक्याच्या कणसावरील पांढरट गुलाबी थर बहुधा फ्युझेरियमचा असतो. मका व भुईमूग यांच्या दाण्यांवर पिवळसर हिरवी पूड आढळल्यास ती अस्परजिलस फ्लेव्हस असण्याचा संभव असतो. हीच बुरशी अफ्लाटॉक्सिन हे यकृतास मारक असे विष तयार करते.

रंग ही केवळ पहिली खूण होय. विष डोळ्यांना दिसत नाही. बुरशी पुसली तरी ते दाण्यात राहते व भाजल्याने किंवा शिजविल्याने पुरते नाहीसे होत नाही. म्हणून बुरसलेले, सुरकुतलेले व रंग पालटलेले दाणे निवडून वेगळे काढावेत. निवडताना नाकातोंडास फडके बांधावे. खाताना कडवट लागलेला दाणा थुंकून टाकावा. निवडून काढलेले दाणे घाण्यावर पाठवू नयेत; विष पेंडीत राहते. जनावरांसही ते घालू नयेत. दुभत्या जनावराच्या दुधात विषाचा अंश उतरतो. ते खोल पुरून टाकावेत.

बुरशी ओलाव्यावर पोसते. यासाठी शेंगा पातळ थरात पसरून वाळवाव्यात. कानाशी हलविल्यावर दाणे खुळखुळले, म्हणजे वाळवण होत आले असे समजावे. साठवणीच्या वेळी शेंगांतील ओलावा ८ टक्क्यांहून व मक्यातील १२ टक्क्यांहून अधिक नसावा. पोती फळ्यांवर, भिंतीपासून दूर रचावीत.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी काढणीच्या दिवसांत खळ्यावर जाऊन चांगले व बुरसलेले दाणे शेजारी शेजारी ठेवून दाखवावेत. दाणे निवडण्याचे काम बहुतेक घरांत स्त्रिया करतात. ही ओळख त्यांना आधी करून द्यावी.