पैठणी पसंत आहे, पण घ्यायची कुठून?

सॅन होजेला राहणाऱ्या माझ्या मावसबहिणीला लेकीच्या लग्नासाठी हातमागाचीच पैठणी हवी होती. येवला आमच्या नाशिक जिल्ह्यातलं, म्हणून तिथल्या एका विक्रेत्याची वेबसाइट मीच तिला सुचवली. मुनिया काठ, पदरावरचे मोर, मागावर बसलेल्या विणकराची बोटं, सगळं सुरेख टिपलेलं. रात्री तिचा फोन आला, "ताई, साडी पसंत आहे, पैसे भरायला तयार आहे. पण घेऊ कुठून?"

फोटोवर बोट ठेवलं की फोटो मोठा व्हायचा, एवढंच. किंमत नव्हती. पानाच्या अगदी तळाशी 'अधिक माहितीसाठी संपर्क साधा' आणि त्यामागे नाव, ईमेल, विषय असा लांबलचक फॉर्म. तिने तो भरलाही. उत्तर आलं तोवर तिने दुसरीकडून साडी मागवली होती. तिथे फोटोखाली किंमत होती आणि किमतीखाली 'खरेदी करा'. साडी पोचल्यावर तिने पदर उलटून फोटो पाठवला. मागे सुट्या धाग्यांचं जाळं! हाताने विणलेल्या पदराची नक्षी दोन्ही बाजूंनी जवळपास सारखी दिसते, कारण प्रत्येक रंगाचा धागा शेजारच्या धाग्यात अडकवत नेलेला असतो. ही यंत्रमागावरची होती.

महिनोन् महिने मागावर बसणाऱ्या माणसाचं गिऱ्हाईक एका बटणापायी जावं, याचं मला फार वाईट वाटतं. म्हणून पैठणी असो, बेदाणे असोत की तांब्या-पितळेची भांडी, जे कोणी आपला माल वेबसाइटवर मांडतात त्यांना कळकळीने सांगते.

प्रत्येक साडीला स्वतंत्र पान द्या आणि त्यावर एकच ठळक बटण ठेवा. 'सबमिट' किंवा 'पुढे' असं मोघम नको. दाबल्यावर जे होणार तेच लिहा: 'ही पैठणी विकत घ्या'. किंमत त्याला लागूनच हवी. 'भाव फोनवर सांगू' म्हटलं की आपल्याला बघून आकडा ठरणार, अशी शंका येते, विशेषतः परदेशातल्या माणसाला. तिकडचं कार्ड चालतं का आणि कुरिअरचा खर्च किती, हेही तिथेच सांगा. शुद्ध रेशमाची खूण असलेला सिल्क मार्क असेल तर तो बटणाच्या वरच दाखवा, कारण मन कचरतं ते नेमकं पैसे भरताना.

हातमागाची अडचण खरी आहे. एक नग गेला की तसाच दुसरा तयार नसतो. अशा वेळी बटणावर 'मागणी नोंदवा' लिहा आणि खाली ॲडव्हान्स किती, साडी किती आठवड्यांत मिळेल, रंग बदलून मिळतो का, हे स्पष्ट करा. व्हॉट्सॲपचं बटणही उत्तम चालतं, मात्र ते दाबताच साडीचा क्रमांक संदेशात आपोआप यायला हवा आणि पलीकडे उत्तर द्यायला माणूस हवं.

काही जण दुसऱ्या टोकाला जातात आणि बटण दाबून घेण्यासाठी फसव्या युक्त्या वापरतात. ते नियमातही बसत नाही. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार ग्राहकाच्या वतीने आधीच टिक करून ठेवलेली संमती चालत नाही, एकूण किमतीचा तपशील आणि माल परत करण्याच्या अटी दाखवाव्या लागतात. नोव्हेंबर 2023 मध्ये केंद्राने खोटी घाई दाखवून विकण्यालाही मनाई केली. 'एकच शिल्लक' हे हातमागाच्या साडीबाबत बहुधा खरंच असतं. तसं असेल तर जरूर लिहा, नसेल तर मुळीच नको.

साइट सुरू करण्याआधी घरातल्या एखाद्या काकूंच्या हातात मोबाइल द्या, "ही जांभळी साडी घ्या" एवढंच सांगा आणि मध्ये बोलू नका. त्यांचं बोट जिथे अडेल तिथे दुरुस्ती करा. बटण फोटोंच्या रांगेखाली गडप होत असेल, तर ते स्क्रीनच्या तळाशी कायम दिसत राहील असं साइट बनवणाऱ्याकडून करून घ्या.