खरुजेचा खर्च: माणशी नव्हे, घराचा धरा

गेल्या दिवाळीत धाकटी हॉस्टेलवरून घरी आली ती खाजवतच. दिवसा बरी असायची, पण रात्री अंथरुणाला पाठ लागली की खाज अनावर व्हायची. आम्ही मेडिकलमधून चाळीस रुपयांची एक ट्यूब आणली. आठवडाभर आराम वाटला, मग दुपटीने सुरू झालं. महिन्याभरात सासूबाई, मी आणि हे, सगळेच खाजवू लागलो.

स्किनच्या डॉक्टरांनी लेकीचं मनगट भिंगाखाली धरलं आणि मला केसाएवढी बारीक, वेडीवाकडी रेघ दाखवली. खरुजेची मादी कातडी पोखरत जाते आणि त्या वाटेत अंडी घालते, ती ही रेघ. आमच्या पहिल्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड होतं. त्याने खाज दबली, किडे तसेच राहिले. म्हणून सांगते, डॉक्टरांना न दाखवता असं मलम घेऊ नका.

खर्चाचा हिशेब घरातल्या माणसांवरून मांडा. पहिल्यांदा लागण झाल्यावर खाज सुटायला चार ते सहा आठवडे लागतात. त्यामुळे ज्याला आज काहीच होत नाही, त्याच्याही अंगात किडे असू शकतात. औषध सगळ्यांनी एकाच रात्री लावायचं. एकट्या लेकीवर उपचार केले असते तर तिला खरूज आमच्याकडून पुन्हा लागली असती आणि ट्यूबचे पैसे पाण्यात गेले असते.

नेहमीचं औषध म्हणजे ५ टक्के परमेथ्रिनचं मलम. दुकानात टक्का वाचून घ्या, १ टक्क्याचं उवांसाठी असतं. मोठ्या माणसाला एका वेळी साधारण ३० ग्रॅम लागतं आणि आठवड्याने पुन्हा तेवढंच. आम्ही चौघं, म्हणजे आठ ट्यूब. ९० रुपयांप्रमाणे ७२० झाले. डॉक्टरांची फी ५०० आणि खाजेच्या गोळ्या ३० रुपये. एकूण १,२५०. कंपनीप्रमाणे दर बराच बदलतो, तेव्हा डॉक्टरांकडून औषधाचं मूळ नाव लिहून घ्या आणि जनऔषधी केंद्रातही विचारा. तेवढेही जड वाटत असतील तर प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा जिल्हा रुग्णालयात जा. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. संकोच करू नका. खरूज अस्वच्छतेची शिक्षा नाही, ती अंगाला अंग लागून होते.

मलम लावण्यातच बहुतेकांची चूक होते. ते फक्त खाजतं तिथे लावायचं नसतं. अंग कोरडं आणि थंड असताना मानेपासून तळपायापर्यंत लावा. बोटांची बेचकी, काखा, बेंबी, नितंबांमधली फट, गुप्तांग, नखांच्या खाली, काही सोडू नका. सासूबाईंची पाठ मी चोळली, माझी लेकीने. मध्ये हात धुतले तर हातांना पुन्हा लावा. आठ ते चौदा तासांनी आंघोळ करा. तान्ह्या बाळाला डोक्याला आणि चेहऱ्यालाही लागतं, पण ते आणि गरोदर बाईचं औषध डॉक्टरांनीच ठरवायचं. आयव्हरमेक्टिनची गोळी गरोदरपणात आणि १५ किलोंपेक्षा कमी वजनाच्या मुलांना सहसा देत नाहीत, म्हणून ती शेजाऱ्याच्या सांगण्यावरून घेऊ नका.

कपड्यांवर खर्च करायची गरज नाही. माणसाच्या अंगावरून सुटलेला किडा दोन-तीन दिवसांत मरतो. गेल्या तीन दिवसांतले कपडे, चादरी, टॉवेल कढत पाण्यात धुवून उन्हात वाळवा. गोधडी धुणं जमत नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत बांधून आठवडाभर ठेवा. घरात फवारणी करून घेऊ नका, ते हजार-दोन हजार वाचवा. गादीही टाकू नका.

एक गोष्ट आधीच मनाशी धरून ठेवा. किडे मेले तरी खाज दोन ते चार आठवडे रेंगाळते. औषध लागू पडलं नाही असं वाटून लोक रोज मलम चोळतात, त्याने कातडी जळजळते आणि पैसाही जातो. खाजेची गोळी घ्या, साधं खोबरेल लावा. महिना उलटूनही नवे फोड येत असतील तर मात्र परत दाखवा. फोडांत पू झाला, तोंडावर सूज आली किंवा लघवी लालसर-काळपट झाली तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. खरुजेच्या जखमांतल्या जंतुसंसर्गाने मूत्रपिंडाला इजा होऊ शकते.

लेक परत जाण्याआधी मी हॉस्टेलच्या बाईंना फोन केला. सांगायला जीभ रेटत नव्हती. तिच्या खोलीत आणखी तीन मुली होत्या, त्यातल्या दोघी खाजवत होत्या. बाईंनी तिघींच्या घरी कळवलं आणि चौघींनी एकाच रात्री मलम लावायचं ठरवलं. लेकीच्या दुसऱ्या वेळच्या मलमाची रात्र मी त्याच दिवशी धरली आणि तिची ट्यूब बॅगेत वरच ठेवली.