अंगणापर्यंतची वाट

महाराष्ट्राच्या पूर्व सीमेवर चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन वनसंपन्न जिल्हे आहेत. पूर्वी हा सर्व मुलूख एकाच चंद्रपूर जिल्ह्यात मोडत असे. २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्याचे विभाजन झाले आणि गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. वैनगंगा, प्राणहिता, इंद्रावती या नद्यांच्या काठांनी येथे साग, ऐन, मोह, तेंदू आणि बांबू यांची दाट वने पसरली आहेत. गडचिरोलीचा सुमारे तीन-चतुर्थांश प्रदेश वनांनीच व्यापलेला आहे. गोंड, माडिया, कोलाम इत्यादी आदिवासी आणि इतरही अनेक समाजांचे लोक येथे पिढ्यान्‌पिढ्या राहत आले आहेत.

निसर्ग येथे उदार आहे. परंतु माणसाचे जीवन मात्र कष्टाचे आहे. पावसाळ्यात धानाची रोवणी, उन्हाळ्याच्या तोंडी पहाटे उठून मोहफुले वेचणे, त्यानंतर तेंदूपत्त्याची तोडणी असा वर्षाचा क्रम चाललेला असतो. काही कुटुंबे तर धानाची कापणी आटोपली की मिरची तोडण्यासाठी तेलंगणात जातात. या सर्व कामांत स्त्रिया पुरुषांच्या बरोबरीने राबतात. मग घरातील तान्ह्या मुलाला कोणी सांभाळावे? आजी असली तर ती सांभाळते. ती नसली, तर आठ-दहा वर्षांची थोरली बहीण त्याला कडेवर घेऊन दिवसभर घरी राहते. तिचे दप्तर खुंटीवरच लटकत राहते. अशा रीतीने एका बालकाची सोय नसली, की दोन बालकांचे नुकसान होते: धाकट्याचे पोषण उणे पडते आणि थोरलीचे शिक्षण खुंटते.

अशा कुटुंबांना साहाय्य करावे म्हणून शासनाने कित्येक योजना आखल्या आहेत. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने गरीब कुटुंबांना स्वस्त धान्याचा हक्क दिला. कामावर जाणाऱ्या मातांच्या सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलांसाठी ‘पाळणा’ नावाची पाळणाघरांची योजना आहे. महाराष्ट्र शासनाची ‘लेक लाडकी’ योजना २०२३ साली सुरू झाली. १ एप्रिल २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या गरीब घरच्या मुलीला त्या योजनेत जन्माच्या वेळी ५,००० रुपये, पहिलीत ६,०००, सहावीत ७,०००, अकरावीत ८,००० आणि वयाची अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर ७५,००० रुपये, असे एकूण १,०१,००० रुपये मिळावयाचे आहेत.

कागदावर ही मदत फार मोलाची दिसते. परंतु कागदावरचा घास बालकाच्या मुखापर्यंत पोचावा कसा, हाच खरा प्रश्न आहे.

भामरागड तालुक्यातील एखाद्या पाड्यावरच्या मातेची कल्पना करावी. मुलीच्या नावाने मिळणारी रक्कम घ्यावयाची, तर तिला मुलीच्या जन्माचा दाखला हवा, उत्पन्नाचा दाखला हवा, आधारपत्र, शिधापत्रिका आणि बँकेचे खातेपुस्तकही हवे. यांपैकी एक कागद एका कचेरीत, तर दुसरा दुसऱ्याच कचेरीत मिळतो. जिल्ह्याचे ठाणे तर दीडशे किलोमीटरांहून अधिक दूर! पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला, की भामरागडची वाटच बंद होते. कचेरीत जावे, तर त्या दिवसाची मजुरी बुडते. जाऊन पाहावे, तर संबंधित अधिकारी दौऱ्यावर गेलेले असतात किंवा अर्जात एक अक्षर चुकलेले निघते. शिवाय अर्जाची भाषा मराठी आणि घरची बोली माडिया. ‘सरकारी काम आणि सहा महिने थांब’ ही म्हण लोकांच्या तोंडी उगीच आलेली नाही. दोन-तीन हेलपाटे घातल्यावर ती माता कंटाळून घरी बसली, तर तिला दोष कोणी द्यावा?

ज्याला मदतीची गरज सर्वांत अधिक, त्यालाच तिच्यापर्यंत पोचण्याची वाट सर्वांत लांब पडते. ही वाट जवळ कशी करावी, याचे उत्तर महाराष्ट्रातील दोन थोर शिक्षिकांनी फार पूर्वी शोधून ठेवले आहे.

१९४५ साली ताराबाई मोडक यांनी आजच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी या गावी ग्रामीण मुलांसाठी बालशिक्षणाचे केंद्र सुरू केले. अनुताई वाघ या त्यांच्या सहकारी होत्या. गरीब वस्त्यांतील मुले बालवाडीत येत नाहीत, असे त्यांना दिसून आले. तेव्हा ‘मुलेच येत नाहीत, त्याला आम्ही काय करणार?’ असे म्हणून त्या स्वस्थ बसल्या नाहीत. मुले बालवाडीत येत नसतील, तर बालवाडीनेच मुलांच्या अंगणात जावे, असे त्यांनी ठरवले. वस्तीतच मुलांना जमवावे, तेथेच त्यांना स्वच्छ करावे, गाणी शिकवावी, खेळ खेळावेत, असा प्रघात सुरू झाला. अंगणात भरणारी म्हणून ती ‘अंगणवाडी’! पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी भारत सरकारने एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातील ३३ ठिकाणी सुरू केली. सहा वर्षांखालील बालके, गरोदर स्त्रिया आणि अंगावर पाजणाऱ्या माता यांना पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी इत्यादी सेवा एकाच ठिकाणी मिळाव्यात, हा तिचा हेतू होता. ती जागा म्हणजे गावोगावची अंगणवाडी होय.

हेच तत्त्व गडचिरोली जिल्ह्यात दुसऱ्या एका क्षेत्रात कसाला लागले. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली ‘सर्च’ ही संस्था स्थापन केली. तेथील खेड्यांत नवजात बालकांचे मृत्यू फार होत असत. रुग्णालय दूर, आणि बाळंतीण व तान्हे मूल यांना तेथवर नेणे कठीण. म्हणून संस्थेने ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना शिक्षण देऊन आरोग्यदूत बनवले. या आरोग्यदूत घरोघर जाऊन बाळाचे वजन करीत, त्याला उबेत ठेवण्यास शिकवीत आणि आजार वेळीच ओळखून औषध देत. पूर्वी तेथे जन्मणाऱ्या दर हजार बालकांपैकी ६२ बालके पहिल्या महिन्यातच दगावत. सेवेच्या तिसऱ्या वर्षी हे प्रमाण सुमारे २५ वर आले. हा अभ्यास १९९९ साली जगापुढे आला आणि २०११ पासून अशी घरपोच सेवा ‘आशा’ कार्यकर्त्यांच्या द्वारे देशभर देण्यास आरंभ झाला.

२०१५ साली महाराष्ट्र शासनाने आदिवासी भागांसाठी डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना सुरू केली. गरोदर आणि स्तनदा मातांना दिवसातून एक वेळचे चौरस व ताजे जेवण द्यावे, अशी ती योजना आहे. पुढे लहान मुलांना अंडी किंवा केळी देण्याचीही तीत सोय झाली. हे जेवण गावातील अंगणवाडीतच मिळते; त्यासाठी तालुक्याच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत.

कागदांचे ओझेही हळूहळू हलके होत आहे. २०१५ साली शासनाने अनेक कामांसाठी मुद्रांकावरील प्रतिज्ञापत्राची अट काढून टाकली आणि अर्जदाराची स्वतःची घोषणा पुरेशी मानली. त्याच वर्षी लोकसेवा हक्काचा कायदा झाला. दाखला ठरावीक मुदतीत मिळालाच पाहिजे. नाकारला तर कारण लेखी कळवले पाहिजे. आणि त्या निर्णयाविरुद्ध दाद मागता आली पाहिजे, असे तो कायदा सांगतो. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना तर शाळाप्रवेश, आधारपत्र इत्यादी कामांत जन्मतारखेसाठी जन्माचा दाखला हाच पुरावा धरला जातो. म्हणून मूल जन्मल्यावर २१ दिवसांच्या आत त्याची नोंद करणे फार महत्त्वाचे आहे. मजुरीसाठी परराज्यात गेलेल्या कुटुंबाला आपल्याच शिधापत्रिकेवर तेथेही धान्य घेता यावे, अशी व्यवस्था २०२२ पर्यंत देशातील सर्व राज्यांत झाली.

गडचिरोलीत आणखी एक अभिनव उपक्रम पाहावयास मिळतो. दुर्गम भागात जेथे दुसरी कचेरी नाही, तेथेही बहुधा पोलीस ठाणे असते. हे ओळखून जिल्हा पोलीस दलाने ‘पोलीस दादालोरा खिडकी’ सुरू केली. ‘दादालोरा’ हा तेथील बोलीतला भावाविषयीची आपुलकी दाखवणारा शब्द आहे. जातीचा दाखला, आधारपत्र, निरनिराळ्या योजनांचे अर्ज अशी कामे या एकाच खिडकीवर करून घेण्यास लोकांना साहाय्य मिळते. खिडकीचे नावदेखील लोकांच्या बोलीतले असल्याने तिच्याजवळ जाण्याचा संकोच कमी होतो.

कागद मुळीच नकोत, असा मात्र याचा अर्थ नव्हे. मदत योग्य कुटुंबालाच पोचावी आणि दुसऱ्याने ती लाटू नये, म्हणून नोंद आणि तपासणी अवश्य हवी. पण एकाच घराची तीच माहिती पाच ठिकाणी पाच वेळा का विचारावी? एका कचेरीजवळ असलेला कागद दुसऱ्या कचेरीने तिच्याकडूनच का मागवून घेऊ नये? तपासणीचे कष्ट कचेरीने सोसावेत. ते उपाशी घरावर टाकू नयेत. अद्यापही कित्येक पाड्यांवर दूरध्वनीचे जाळे नीट पोचत नाही आणि बँक दूर आहे. तोवर सुधारणेचे काम पुरे झाले, असे म्हणता यावयाचे नाही.

या कामात शाळेत जाणारी मुलेही हातभार लावू शकतात. ग्रामपंचायतीच्या फळ्यावरील सूचना शेजारच्या आजीला तिच्या बोलीत समजावून सांगावी, अर्जावरील नाव शिधापत्रिकेवरील नावाशी जुळते की नाही ते पाहावे, अर्ज दिल्याची पोच मागून घेण्याची आठवण करावी. ही कामे लहान दिसतात. पण एका अक्षराच्या चुकीने अडलेला घास त्यामुळे एखाद्या तान्ह्या मुलापर्यंत पोचतो, आणि खुंटीवरचे दप्तर घेऊन त्याची बहीण पुन्हा शाळेची वाट धरू शकते.

स्वाध्याय

१. तान्ह्या मुलाची सोय नसल्यास दोन बालकांचे नुकसान होते, असे पाठात का म्हटले आहे?
२. ‘अंगणवाडी’ हे नाव कसे पडले?
३. ‘सरकारी काम आणि सहा महिने थांब’ या म्हणीचा अर्थ सांगून ती वाक्यात योजा.
४. तुमच्या गावातील अंगणवाडीला भेट द्या आणि तेथे मिळणाऱ्या सेवांची माहिती दहा ओळींत लिहा.