भाड्याचे घर आणि भेदभाव : कायदा अपुरा का पडतो?

दिल्ली, गुरुग्राम, नोएडा, गाझियाबाद व फरिदाबाद येथे शिक्षण व रोजगारासाठी येणाऱ्यांची पहिली गरज भाड्याच्या घराची असते. भाडे देण्याची ऐपत हाच तेथे निकष असावा, अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात नावावरून जात-धर्म ओळखून घर नाकारले जाते. डॉ. सुखदेव थोरात व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये या पाच ठिकाणी पाहणी केली. तिचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. दूरध्वनीवरील चौकशीत उच्चवर्णीय हिंदू नावाला नकार मिळाला नाही. दलित नावाला सुमारे १८ टक्के, तर मुस्लिम नावाला सुमारे ३१ टक्के वेळा मिळाला. काहींना जादा भाड्यासारख्या अटी घालण्यात आल्या.

कायद्याची चौकट

राज्यघटनेचा अनुच्छेद १५ (१) राज्यसंस्थेवर बंधनकारक आहे. अस्पृश्यतेच्या कारणावरून निवासी जागा नाकारणे नागरी हक्क संरक्षण अधिनियम, १९५५ नुसार दंडनीय आहे. परंतु धर्मावरून दिलेला खासगी नकार त्याच्या कक्षेबाहेर राहतो. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श घरभाडे कायद्यात भाडे, अनामत व तंटे यांचा विचार आहे, भेदभावाचा नाही.

नकाराची किंमत

गॅरी बेकर यांच्या १९५७ मधील मांडणीनुसार भेदभाव करणाऱ्याला आर्थिक झळ सोसावी लागते आणि स्पर्धेमुळे भेदभाव घटतो. परंतु मागणी भरपूर असलेल्या शहरात घरमालकाला दुसरा भाडेकरू लगेच मिळतो. त्याची झळ नगण्य राहते. दूरचे घर, प्रवासखर्च व हुकलेली संधी यांचा भार नाकारलेल्यावर पडतो.

शिवाय नकाराचे कारण सांगावे लागत नाही. ‘घर आधीच दिले’ एवढे उत्तर पुरते. एकट्या अर्जदाराला भेदभाव सिद्ध करता येत नाही. तो दोन अर्जदारांच्या तुलनेतूनच उघड होतो.

उपाययोजना

अमेरिकेत १९६८ मध्ये न्याय्य गृहनिर्माण कायदा झाला, तरी भेदभाव संपला नाही. मात्र समान पात्रतेचे दोन परीक्षक पाठवून तो मोजण्याची पद्धत तेथे रूढ झाली. खोटी माहिती मिळालेल्या परीक्षकालाही दावा दाखल करता येतो, हे तेथील सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये मान्य केले. भारतात सच्चर समितीने २००६ मध्ये समान संधी आयोगाची शिफारस केली होती. खासगी भाडेव्यवहारास लागू होणारा कायदा आणि अशी तपासणी करणारी यंत्रणा या दोहोंची जोड मिळाल्याशिवाय समान संधीचे तत्त्व घराच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचणार नाही.